रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार हरवते किंवा घुमते : दोष शोधण्याचा क्रम

लक्षणे

बेस गिटारचा ट्रॅक एकटा ऐकला तर आवाज भरदार लागतो. पण ड्रम, गिटार आणि गायन सुरू झाले की तो कुठे गेला हेच कळत नाही. फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर सरकवला तर बेस पुढे येत नाही, उलट सगळे गाणे घुमू लागते आणि गायनाचे शब्द अस्पष्ट होतात. खाली आणला तर गाणे पोकळ होते. मधली जागा काही केल्या सापडत नाही. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये सर्वाधिक वेळा आढळणारी तक्रार हीच आहे. तिच्या जोडीला पुढीलपैकी एखादे लक्षण बहुधा असते आणि ते नेमके कोणते हे आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढची तपासणी त्यावरच अवलंबून असते.

- काही स्वर एकदम उसळतात, तर त्यांच्या शेजारचेच स्वर मरगळलेले वाटतात.
- हेडफोनवर बेस नीट ऐकू येतो, पण मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर तो जवळजवळ नसतोच.
- जोरात छेडलेला स्वर फाटतो, हळू छेडलेला मात्र स्वच्छ असतो.
- स्वर थांबल्यावरही मागे सतत घूं असा आवाज राहतो.
- थेट घेतलेला ट्रॅक आणि माइकने घेतलेला ट्रॅक वेगवेगळे ऐकताना चांगले वाटतात, पण एकत्र लावले की आवाज पातळ होतो.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले तरी बहुतेकांचा हात पहिल्यांदा ईक्यूकडे, म्हणजे ठरावीक वारंवारता वरखाली करण्याच्या साधनाकडे, जातो आणि ८० ते १०० हर्ट्झचा भाग वर उचलला जातो. तो मोह टाळावा. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झवर. म्हणजे ८० ते १०० चा पट्टा उचलला की जी तारेचा मूळ स्वर फुगतो, ई तारेचा दुसरा उपस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा) फुगतो आणि मधल्या स्वरांचे काय होईल ते त्या त्या स्वरावर ठरते. उसळणारे स्वर अधिक उसळतात आणि खालच्या ऊर्जेने मिक्समधली, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र केलेल्या आवाजातली, मोकळी जागा खाऊन टाकल्यामुळे इतर वाद्ये दबतात. ईक्यूचा उपयोग आहेच, पण तो या लेखात बराच पुढे येईल.

आधी ऐकण्याची व्यवस्था तपासावी

या तपासणीला काहीच खर्च नाही, म्हणून ती पहिली. बेसच्या बाबतीत खोली फार फसवते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर ३४३ मीटर प्रतिसेकंद या ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागून येणारी वारंवारता सुमारे ४३ हर्ट्झ असते, म्हणजे मोकळ्या ई तारेच्या अगदी लगत. ३ मीटर अंतर असेल तर ती ५७ हर्ट्झवर जाते आणि ए तारेला भिडते. अशा खोलीत बरोबर मध्यावर बसले तर तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून उभे राहिले तर दुप्पट वाटतो. ट्रॅकमध्ये मात्र तो स्वर अगदी योग्य असू शकतो.

म्हणून खालच्या स्वरांपासून वरपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवून रेकॉर्ड करावा आणि तो ट्रॅक लावून खोलीत सावकाश फिरावे. उसळणारा स्वर जागेनुसार बदलत असेल तर दोष खोलीचा आहे, ट्रॅकचा नाही. तोच स्वर हेडफोनवरही उसळत असेल तर दोष ट्रॅकमध्ये किंवा वाद्यात आहे आणि पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे.

ऐकण्याची पातळीही महत्त्वाची आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज हळू असताना कानाची खालच्या स्वरांबद्दलची संवेदनशीलता मधल्या स्वरांच्या तुलनेत खूप कमी होते. रात्री आवाज कमी ठेवून केलेल्या मिक्समध्ये बेस जास्त होतो आणि मोठ्या आवाजात केलेल्या मिक्समध्ये कमी, हा अनुभव त्यामुळेच येतो. एक मध्यम पातळी ठरवून घ्यावी आणि बेसविषयीचे सगळे निर्णय त्याच पातळीवर घ्यावेत.

पातळी आणि क्लिपिंग

जोरात छेडलेला स्वर फाटत असेल तर ट्रॅकची लहर मोठी करून पाहावी. तिचे शेंडे सपाट कापलेले असतील तर कुठेतरी क्लिपिंग झाले आहे, म्हणजे उपकरणाला पेलण्याहून मोठा आवाज आला आहे. बेस वाजवणाऱ्याला गाणे चढल्यावर आपोआप जोर येतो, हे गृहीत धरून गेन, म्हणजे इनपुटची वाढ, ठरवावा. गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगावा आणि त्याचे शेंडे मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील असे पाहावे. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर याहून वर जाण्याने काहीच मिळत नाही.

शेंडे कापलेले आहेत, पण मीटर मात्र उणे १० च्या वर गेलेलाच नाही, अशीही स्थिती आढळते. त्याचा अर्थ क्लिपिंग इंटरफेसच्या (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) आधी, म्हणजे वाटेतल्या पेडलमध्ये किंवा खुद्द बेसच्या आतल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये झाले आहे. इंटरफेसचा गेन कमी करून हा दोष जाणार नाही, कारण फाटलेला आवाज फक्त हळू होईल. अशा वेळी एकेक पेडल काढून टाकत थेट केबलपर्यंत यावे.

बॅटरी, केबल आणि कुठल्या भोकात केबल घातली आहे ते

आतमध्ये प्रीअ‍ॅम्प असलेल्या बेसला बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरू लागली की आवाज एकदम बंद होत नाही. आधी जोराचे स्वर फाटतात, मग आवाज बारीक होतो. बहुतेक बेसमध्ये केबल जॅकमध्ये घातली की बॅटरीचा प्रवाह सुरू होतो, त्यामुळे वाजवणे संपल्यावरही केबल तशीच राहिली तर बॅटरी रातोरात उतरते. नवी अल्कलाइन बॅटरी मीटरवर ९ व्होल्टच्या थोडी वरच दाखवते. ८ च्या खाली गेलेली बॅटरी रेकॉर्डिंगच्या दिवशी ठेवू नये. फाटणाऱ्या आवाजासाठी नवा पेडल विकत घेण्याआधी ही बॅटरी बदलून पाहावी.

बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. तिच्या पिकअपला सुमारे १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहमचे इनपुट लागते. इंटरफेसवर त्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेले बटण असते. ते दाबलेले नसेल आणि केबल लाइन इनपुटमध्ये गेली असेल तर पिकअपवर काही हजार ओहमचाच भार पडतो, आवाज हळू येतो आणि बोटांचा, तारेच्या घासण्याचा जो वरचा भाग असतो तो नाहीसा होतो. उरतो तो फक्त खालचा गोल, कडा नसलेला आवाज, जो एकटा ऐकताना गोड वाटतो आणि मिक्समध्ये हमखास बुडतो. बेस हरवण्याची कारणे मोजायला बसलो तर हे बटण माझ्या मते पहिल्या तिनांत येईल. बटण नसेल तर डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगसाठी योग्य करणारी छोटी पेटी) वापरावा आणि तो अ‍ॅक्टिव्ह असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा किंवा त्याची स्वतःची बॅटरी मिळते आहे ना, हे बघावे.

केबलची परीक्षा सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवून दोन्ही टोकांशी केबल हलकेच वाकवावी. करकर आली तर केबल बाजूला ठेवावी. फार लांब केबलमुळेही पॅसिव्ह बेसचा वरचा भाग मंदावतो, म्हणून घरात रेकॉर्ड करताना मंचासाठी घेतलेली लांबलचक केबल न वापरता छोटी वापरावी.

सतत घूं असा आवाज

हा आवाज वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीत असतो, म्हणजे नेमका बेसच्याच पट्ट्यात, आणि तिथे तो नंतर काढायला गेले की बेसचा आवाजही सोबत जातो. तो रेकॉर्ड होण्याआधीच थांबवावा लागतो.

लॅपटॉपचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आवाज गेला तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) किंवा चार्जर हे कारण ठरले. डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण बहुतेक वेळा पुरते. चार्जर काढूनही आवाज राहिला तर बेस हातात धरून जागच्या जागी वळावे. एखाद्या कोनात आवाज कमी होत असेल तर पिकअप जवळचा ट्रान्सफॉर्मर, दिव्याचा डिमर किंवा स्क्रीन पकडत आहे. जाझ बेसच्या धर्तीवर दोन सुटे पिकअप असतील तर दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडावेत; ते एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्यामुळे सारख्या पातळीवर त्यांचा हम (हाच घूं आवाज) एकमेकांना काटतो आणि एकाचा व्हॉल्यूम थोडा जरी कमी केला तरी तो परत येतो. प्रिसिजन बेसला १९५७ मध्ये दोन भागांत विभागलेला पिकअप मिळाला, त्यात ही काटाकाट पिकअपच्या आतच होते.

तारांना हात लावला की आवाज कमी होणे सामान्य आहे. हात लावल्यावर तो वाढत असेल तर जॅकवरच्या तारा उलट जोडलेल्या असण्याची शक्यता आहे. प्लगमधली अर्थिंगची पिन काढून किंवा कापून हम घालवण्याचा सल्ला कुठेही वाचनात आला तरी तो मानू नये. बिघडलेल्या अ‍ॅम्पचा विजेचा झटका मग तारांवाटे वाजवणाऱ्याच्या अंगातून जातो. तारांना किंवा माइकला हात लावताना मुंग्या आल्यासारखे वाटले तर सगळे बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तिथे स्वतः काही तपासू नये.

वाजवणे आणि तारा

इथे थोडा अधिक वेळ द्यावा, कारण यंत्रांवर ढकलला जाणारा दोष अनेकदा हातात सापडतो.

डी तारेवरचा एक स्वर छेडा, अर्ध्या सेकंदाने डाव्या हाताचे बोट उचलून तो थांबवा आणि मागे काय उरते ते हेडफोनवर ऐका. काहीच उरायला नको. बहुतेक वेळा उरते ती ई किंवा ए तार, जी कुणी छेडलेली नसते पण शेजारच्या कंपनाने वाजत राहते. ही मंद गुणगुण एका स्वराच्या वेळी जाणवत नाही. पूर्ण ओळ वाजली की प्रत्येक स्वराखाली तिचा थर साचतो आणि मिक्समध्ये जो चिखल वाटतो तो बऱ्याचदा हाच असतो. ईक्यूने तो निघत नाही, कारण तो खऱ्या स्वरांच्याच जागेवर बसलेला असतो. उजव्या हाताचा अंगठा छेडणाऱ्या बोटांसोबत वरच्या जाड तारांवर सरकत ठेवणे आणि डाव्या हाताची मोकळी बोटे उरलेल्या तारांवर हलकी टेकवणे, हा यावरचा उपाय आहे. घाई असेल तर ब्रिजजवळ (तारा जिथे वाद्याच्या अंगावर टेकतात तिथे) तारांखाली फोमचा पातळ तुकडा सरकवावा. स्वर आखूड होतात, पण स्वच्छ होतात.

छेडण्याची जागाही आवाज ठरवते. नेकची पट्टी वाद्याच्या अंगावर संपते तिथे छेडले की मूळ स्वर जड आणि उपस्वर कमी येतात. ब्रिजकडे सरकत गेले की उलट होते. दाट वाद्यमेळात बेस हरवत असेल तर हात चार बोटे ब्रिजकडे न्यावा आणि पुन्हा ऐकावे. कुठलेही उपकरण न घेता एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

सूर प्रत्येक टेकच्या आधी लावावा. बेसचा स्वर थोडा उतरलेला असला तर तो बेसूर म्हणून कानाला खटकत नाही, पण गिटार आणि किबोर्डशी त्याची झटापट होते आणि सगळे मिक्स अस्थिर वाटते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळत नसतील तर ब्रिजवरचे सॅडल पुढेमागे करावे लागते: दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. जुन्या, मळलेल्या तारांवर हे जुळतच नाही. तेव्हा आधी तारा बदलाव्यात. तारांचा खर्च होतो, म्हणून ही पायरी वरच्या फुकट पायऱ्यांनंतर आली आहे.

मात्र मंद तारा म्हणजे दोषच, असे मानू नये. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेढ्याच्या) तारांवर वाजवत आणि त्यांची बेस गिटार थेट कन्सोलमध्ये रेकॉर्ड होत असे. त्या आवाजात चमक फारशी नाही, तरीही तो प्रत्येक गाण्यात ठळक ऐकू येतो, कारण भोवतालच्या वाद्यांनी त्याच्यासाठी जागा सोडलेली असते. दाट डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाडलेल्या आवाजाच्या) दोन गिटारींमागे त्याच तारा ऐकूच येणार नाहीत. तारा गाण्याच्या मांडणीप्रमाणे निवडाव्यात.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लगेच मरत असेल तर तो बहुधा नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे आलेला डेड स्पॉट असतो. तो दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये. तोच स्वर डी तारेवर पाच फ्रेट वर मिळतो, तो तिथे घ्यावा.

दोन ट्रॅक एकत्र आल्यावर आवाज पातळ होणे

थेट ट्रॅक आणि अ‍ॅम्पसमोरच्या माइकचा ट्रॅक असे दोन्ही घेण्याची पद्धत चांगली आहे, पण माइकपर्यंत आवाज उशिरा पोचतो. ३० सेंटिमीटर अंतराला सुमारे ०.८७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर ४२ सॅम्पल. हे दोन ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले तर ५७० हर्ट्झच्या आसपास पहिली खाच पडते, म्हणजे तिथला आवाज कापला जातो. माइक १ मीटरवर असेल तर तीच खाच १७० हर्ट्झपर्यंत खाली येते. उशीर १२ मिलिसेकंदांचा झाला, जसा ट्रॅक बाहेरच्या पेडलमधून फिरवून परत घेताना सहज होतो, तर मोकळ्या ई तारेचा मूळ स्वरच कापला जातो.

तपासणी अशी करावी. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून एकाच स्वराची सुरुवात इतकी मोठी करावी की लहरीचा पहिला उंचवटा स्पष्ट दिसेल. थेट ट्रॅकमध्ये तो वर आणि माइकच्या ट्रॅकमध्ये खाली असेल तर पोलॅरिटी उलटी आहे. चॅनेलवरचे पोलॅरिटीचे बटण दाबावे. दिशा एकच पण जागा वेगळी असेल तर माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवावा. शेवटचा निर्णय कानाने घ्यावा: दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर, मोनोमध्ये, पोलॅरिटीचे बटण चालू-बंद करत ऐकावे आणि ज्या स्थितीत खालचा भाग अधिक भरतो ती ठेवावी. एवढे करूनही आवाज पातळच राहिला तर माइकचा ट्रॅक सरळ बंद करावा. दोन ट्रॅक घेतले म्हणून दोन्ही वापरलेच पाहिजेत असे नाही.

इथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून निघणारी केबल इंटरफेसच्या कुठल्याही इनपुटमध्ये घालू नये. त्या शक्तीने इनपुट जळते. थेट घ्यायचे असेल तर अ‍ॅम्पचे ‘डीआय’ किंवा ‘लाइन’ आउटपुट वापरावे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तर स्पीकर किंवा लोड बॉक्स जोडल्याशिवाय चालूच करू नये.

मोबाइलवर बेस ऐकू न येणे

मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तेव्हा तिथे मूळ स्वर वाढवून काहीच उपयोग नाही. कान मात्र ८२, १२४, १६५, २०६ अशी उपस्वरांची मालिका ऐकून तिच्या तळाचा स्वर मनानेच पूर्ण करतो. या मालिकेतले वरचे उपस्वर ट्रॅकमध्ये पुरेसे असतील तर छोट्या स्पीकरवरही बेसची ओळ समजते. ते नसतील तर निर्माण करावे लागतात आणि त्यासाठी डिस्टॉर्शन हे सर्वांत कामाचे साधन आहे.

पूर्ण ट्रॅकवर डिस्टॉर्शन लावले की खालचा भाग भुसभुशीत होतो. म्हणून ट्रॅकची प्रत करावी, प्रतीवर २०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढावा, मग तिच्यावर अ‍ॅम्पचे प्लगइन किंवा ओव्हरड्राइव्ह लावावे आणि ती मूळ स्वच्छ ट्रॅकखाली हळूहळू मिसळावी. एकटी ऐकली तर ही प्रत कर्कश वाटेल. ती एकटी ऐकायचीच नाही. गाणे चालू असताना तिचा फेडर शून्यापासून वर आणावा आणि बेसची ओळ समजू लागली की तिथेच थांबावे. प्लगइनमुळे प्रत उशिरा येत असेल तर मागच्या विभागातली तपासणी इथेही करावी लागते.

कॉम्प्रेसर

स्वरांची पातळी असमान असेल तर कॉम्प्रेसर (जोराचे स्वर आपोआप दाबणारे साधन) योग्य आहे, पण त्याची घाई बेसला मानवत नाही. ई तारेची एक लहर पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, पाच तारांच्या बेसवरच्या बी तारेची ३२. अ‍ॅटॅक आणि रिलीज (दाबणे सुरू होण्याचा आणि सुटण्याचा वेळ) दोन्ही याहून खूप लहान ठेवले तर कॉम्प्रेसर एकाच लहरीच्या आत आवाज वरखाली करतो आणि ट्रॅक घोगरा होतो. सुरुवातीला प्रमाण ४:१, अ‍ॅटॅक २० ते ४० मिलिसेकंद, रिलीज १०० ते २०० मिलिसेकंद ठेवावा आणि जोरकस स्वरांवर ३ ते ६ डेसिबल घट दिसेल इतका थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाबणे सुरू होते ती) आणावा. १० डेसिबलची घट लागत असेल तर टेक पुन्हा घेणे बरे.

आता ईक्यू

इथवर आल्यावर ईक्यूला फारसे काम उरत नाही. ३० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. २०० ते ३०० हर्ट्झमध्ये घूम असेल तर २-३ डेसिबल कमी करावी. बोटांचा स्पर्श हवा असेल तर ७०० ते १००० हर्ट्झचा भाग किंचित वर आणावा, हा भाग बेसला मिक्समध्ये ओळख देतो. एखादाच स्वर उसळत असेल तर कायमच्या ईक्यूऐवजी ट्रॅकमधल्या तेवढ्या स्वराच्या तुकड्याची पातळी हाताने कमी करणे अधिक अचूक असते.

बेसची किकशी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी, टक्कर होत असेल तर दोघांपैकी तळाशी कोण राहणार हे एकदाच ठरवावे. किकचे वजन ६० हर्ट्झला असेल तर बेसमधून तिथे थोडी जागा काढावी किंवा किक पडताना बेस क्षणभर २-३ डेसिबल दबेल असे साइडचेन लावावे. गिटारींचे १०० हर्ट्झच्या खालचे अवशेष कापून टाकले तर बऱ्याचदा याचीही गरज पडत नाही.

वाद्याची जुळणी, आणि कुठे थांबावे

इतके सगळे करूनही एका तारेचा आवाज इतरांपेक्षा सतत कमी किंवा जास्त येत असेल तर पिकअपची उंची बघावी. स्क्रू एका वेळी पाव फेरी फिरवावा, चारही तारा सारख्या जोराने वाजवून रेकॉर्ड कराव्यात आणि मगच पुढची पाव फेरी द्यावी. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डगमगतो.

तारा फ्रेटवर खडखडत असतील तर नेकचा बाक तपासावा: पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण ०.३ मिलिमीटरची फट दिसायला हवी. फट अजिबात नसेल किंवा फारच मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) पाव फेरी फिरवून, वाद्य तासभर तसेच ठेवून पुन्हा मोजता येते. मात्र रॉड घट्ट लागला, नटचे तोंड झिजलेले दिसले किंवा पाव फेरीनंतर काहीच बदलले नाही तर तिथेच हात काढून घ्यावा. जोर लावून मोडलेल्या रॉडची दुरुस्ती म्हणजे अनेकदा नवी नेक. झिजलेले किंवा उचललेले फ्रेट, पिळलेली नेक, मधूनच बंद पडणारा पिकअप आणि सोल्डरिंगचा सराव नसताना आतले वायरिंग ही कामे गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे झाकण तर कुणीही सहज म्हणून उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. खोलीचाच दोष निघाला आणि जागा बदलून, फर्निचर हलवूनही तो गेला नाही तर फोमच्या पातळ चौकटी लावून ४० हर्ट्झ आवरत नाहीत. तिथे ध्वनिशास्त्राच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

कारागिराकडे वाद्य नेताना सोबत दोन छोट्या फायली न्याव्यात: एक कोणताही इफेक्ट न लावता थेट इनपुटमध्ये घेतलेली, जिच्यात चारही तारांवरचे स्वर सारख्या जोराने एकामागून एक वाजवले आहेत, आणि दुसरी, दुसऱ्या एखाद्या बेसवर त्याच केबलने, त्याच इनपुटमध्ये, त्याच गेनवर घेतलेली. दुसरी स्वच्छ आणि पहिली सदोष असेल तर वाद्य उघडायला हरकत नाही. दोन्हींमध्ये तोच दोष ऐकू आला तर वाद्य तसेच परत न्यावे आणि बटणे, केबल आणि इंटरफेसपासून तपासणी पुन्हा सुरू करावी.